ऑलिव्हचा मोहोर

ऑलिव्ह आपल्या घरात शिरले ते केमिस्टच्या दुकानातून. आधी बाळाच्या मालिशसाठी आणलेला छोटा पत्र्याचा डबा, मग कधीतरी पिझ्झ्यावरच्या काळ्या चकत्या, आणि आता वाण्याकडे शेंगदाण्याच्या नि सूर्यफुलाच्या तेलाशेजारी मांडलेली, त्यांच्याहून कितीतरी महाग बाटली. तेल माहीत झाले, फळ माहीत झाले, चोचीत फांदी धरलेले कबुतर तर शाळेपासून माहीत. फूल मात्र कुणी पाहिलेले नसते. स्पेनमध्ये ही झाडे कोट्यवधींनी आहेत, पण तिथल्याही शहरी माणसाला मे महिना म्हटला की ऑलिव्हचे फूल आठवत नाही. आपले चोंदलेले नाक आठवते.

हे पुस्तक त्या फुलाचे आहे. तेल हृदयाला चांगले की कसे, एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणजे काय, कुठली बाटली घ्यावी, हे सांगणारी पुस्तके आणि माणसे दोन्ही भरपूर आहेत. त्यांत भर घालायची मला हौस नाही. झाडाच्या वयाचे कौतुकही पुष्कळ झाले आहे. क्रीट बेटावर वूव्हेस गावात एक ऑलिव्ह आहे. ते दोन हजार वर्षांहून जुने असावे असे सांगतात, आणि ते अजून फळते. लोक वयाचा आकडा ऐकून थक्क होतात. मला त्या ‘अजून फळते’ यात जास्त रस आहे. झाड दोन हजार वर्षांचे असो की सात वर्षांचे, त्या वर्षीचे पीक त्याला वसंतातल्या आठ-दहा दिवसांतच कमवावे लागते. ते दिवस हुकले की वर्ष गेले. आणि गंमत अशी की त्या आठ-दहा दिवसांत काय होणार, हे बरेचसे आधीच्या उन्हाळ्यात ठरून गेलेले असते, तर उरलेले शेजारी कोण उभा आहे यावर ठरते.

झाड परदेशी असले तरी त्याचे नातेवाईक आपल्या अंगणात आहेत. जाई, जुई, मोगरा, पारिजातक ही सगळी ऑलिव्हच्याच, म्हणजे ओलिएसी कुळातली. पारिजातकाचे फूल उचलून उलटे धरले की केशरी नळी दिसते. जाईलाही तशीच लांब नळी. असल्या फुलांकडे रात्री लांब सोंडेचे पतंग येतात. त्यांना अंधारात वाट सापडावी म्हणून पांढरा रंग आणि दूरवर जाणारा वास. ऑलिव्हने हा सगळा थाट टाकून दिला आहे. नळी अगदी आखूड, वास जेमतेम, मध म्हणावा असा नाहीच. पतंगांची मनधरणी सोडून त्याने वाऱ्याशी संधान बांधले. घराण्याची एक खूण मात्र राहिली: दोनच पुंकेसर. जाईत दोन, पारिजातकात दोन, ऑलिव्हमध्येही दोन.

सह्याद्रीत तर याहून जवळचा भाऊबंद उभा आहे. महाबळेश्वर-माथेरानच्या रानात पारजांभूळ किंवा करंबू या नावाने ओळखले जाणारे झाड म्हणजे ओलिया डायोइका. अलीकडे काही वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला वेगळ्या प्रजातीत घालतात; नाते त्याने तुटत नाही. त्याच्या फळातून कुणी तेल काढत नाही, आणि म्हणून त्याच्या फुलांकडे आपणही फारसे पाहिलेले नाही.

आता ऑलिव्हचे फूल जवळून. मागच्या वर्षी वाढलेल्या डहाळीवर, पानाच्या बगलेतून, मार्चच्या सुमारास एक हिरवा तुरा बाहेर पडतो. त्यावर साधारण पंधरा ते तीस कळ्या, मोहरीहून थोड्या मोठ्या. अंदालुसियात या तुऱ्याला त्रामा म्हणतात, आणि एप्रिलमध्ये दोन शेतकरी भेटले की पहिली चौकशी त्याचीच. मेमध्ये कळी उमलते. चार पांढुरक्या पाकळ्या, तळाशी एकमेकींना जोडलेल्या. सगळे फूल करंगळीच्या नखाहून लहान. त्यात दोन पिवळे परागकोश, फुलाच्या मानाने चांगलेच बोजड. त्यांच्या मधोमध बुटके हिरवे स्त्रीकेसर, त्याच्या टोकाला दुभंगलेली, किंचित ओलसर कुक्षी. खाली अंडाशयात दोन कप्पे, प्रत्येक कप्प्यात दोन बीजांडे. या चारांतले बहुधा एकच बी होते. उरलेली तीन तिथेच सुकून जातात. फूल उमलून काही दिवस झाले की पाकळ्या सुट्या सुट्या गळत नाहीत. सगळा संच दोन्ही पुंकेसरांसकट एकदम निसटतो आणि झाडाखाली पांढरा सडा पडतो. हे मात्र थेट पारिजातकाचे वळण.

हा सडा निवांत बसून चाळला, किंवा झाडावरचीच फुले भिंगाखाली धरली, तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. काही फुलांत स्त्रीकेसर नसतेच. म्हणजे सुरुवातीला होते, पण कळीत असतानाच खुरटले; आता तळाशी नुसता एक बारीक ठिपका. अशी फुले केवळ नर. एकाच झाडावर, एकाच तुऱ्यात, संयुक्त फुले आणि नर फुले शेजारी शेजारी नांदतात. तुऱ्याच्या टोकाचे फूल बहुधा संयुक्त असते; खालच्या फाट्यांवर नरांची गर्दी वाढत जाते. कुठल्या फुलाचे स्त्रीकेसर टिकेल हा सरळ पोटापाण्याचा प्रश्न आहे. टिकणाऱ्या स्त्रीकेसरात कळीच्या अवस्थेतच स्टार्चचा साठा झालेला दिसतो. खुरटणाऱ्यात तो नसतो. हिवाळ्याच्या अखेरीस पाण्याचा ताण बसला, किंवा आदल्या वर्षी रोगाने पाने झडलेली असली, की त्या वसंतात नर फुलांचे प्रमाण वाढते. दुरून पाहणाऱ्याला मोहोर तेवढाच भरघोस दिसतो. फसगत इथेच होते.

कोकणातल्या आंबा बागायतदाराला यात नवीन काही वाटणार नाही. आंब्याच्या मोहोरातही नर आणि संयुक्त फुले एकत्रच असतात, आणि मोहोराने झाड झाकून गेले तरी हाती येणारे आंबे मोजकेच. आंब्याला माश्या लागतात, ऑलिव्हला वारा, एवढा फरक. हिशेब दोघांचा सारखाच निर्दय. पूर्ण वाढलेल्या ऑलिव्हवर एका हंगामात पाचेक लाख फुले येतात असा ढोबळ अंदाज आहे, आणि त्यांतल्या शेकडा एक-दोन फुलांचे फळ झाले तरी पीक उत्तम मानतात. उरलेली अठ्ठ्याण्णव गळतात. गळण्याचा मोठा भाग मोहोर संपल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत उरकतो, आणि दीड महिन्यानंतर झाडावर जे राहिले ते बहुतेक राहिलेच.

याला उधळपट्टी म्हणायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. वाऱ्याच्या भरवशावर बसलेल्या झाडाला पराग अफाट लागतो, आणि नर फूल म्हणजे पराग तयार करण्याची सर्वांत स्वस्त सोय. दोन परागकोश भरायला जो खर्च येतो तो एक फळ कोयीसकट, तेलासकट पोसण्याच्या खर्चापुढे काहीच नाही. पाच लाख फळे कुठलेही झाड पोसू शकत नाही; पाच लाख फुले पोसू शकते. त्यातून कुठली ठेवायची हे नंतर बघता येते.

आता आधीच्या उन्हाळ्याकडे. पानाच्या बगलेतला डोळा पुढच्या वर्षी फूल होणार की फांदी, याचा कल झाड उन्हाळ्यातच घेते, असे बहुतेक अभ्यासक आज मानतात. नेमका कुठल्या आठवड्यात यावर त्यांचे अजून एकमत नाही. त्यानंतर डोळा झोपी जातो आणि त्याला उठवायला थंडी लागते. गेल्या शतकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियात डेव्हिस इथे हडसन हार्टमन यांनी ऑलिव्हची झाडे हिवाळाभर उबदार काचघरात ठेवून पाहिली. झाडे मजेत वाढली, पण मोहोर आला नाही. बाहेर थंडीत राहिलेली झाडे मोहरली. रात्री चार-पाच अंश आणि दिवसा पंधराच्या आसपास, असा खालीवर होणारा हिवाळा या झाडाला सर्वांत मानवतो. थंडी फार झाली तर उलटीच आफत. १९५६ च्या फेब्रुवारीत प्रोव्हान्समधल्या आणि १९८५ च्या जानेवारीत तोस्कानातल्या ऑलिव्हच्या बागा बर्फाळ लाटेत जळाल्यासारख्या करपून गेल्या होत्या. या दोन टोकांमधल्या एका अरुंद पट्ट्यात, भूमध्य समुद्राच्या काठाने, ऑलिव्हचे जग वसले आहे. नकाशावर ऑलिव्हचा पट्टा पाहिला की आपण उन्हाचा विचार करतो. खरे तर तो बेताच्या हिवाळ्याचा नकाशा आहे.

उन्हाळ्यातल्या त्या निर्णयावर आणखी एकाचा हात असतो: त्या वर्षीच्या फळाचा. ऑलिव्ह वर्षाआड फळते. एका वर्षी फांद्या वाकतील इतके, दुसऱ्या वर्षी नावाला. स्पेनमध्ये याला वेसेरिया म्हणतात आणि रोमन काळापासून शेतकरी त्याच्यावर चरफडत आले आहेत. झाड दमते, असे आपण म्हणतो. त्यात तथ्य आहे: फळांनी लगडलेल्या वर्षी नवी डहाळी कमी वाढते, आणि नव्या डहाळीवाचून पुढचा मोहोर यायचा कुठे? पण दमण्याने सगळे उलगडत नाही. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातच एक प्रयोग झाला. कोवळ्या फळांतले बी, कोय टणक होण्याआधी, मारून टाकले. फळ झाडावर तसेच राहू दिले. झाडाला फळ पोसावे लागले, तरी पुढच्या वर्षी मोहोर आला. जिथे बी जिवंत ठेवले तिथे तो अडला. म्हणजे अडवणारे फळ नव्हते, फळातले बी होते. वाढते बी जिबरेलिन नावाची संप्रेरके सोडते आणि ती शेजारच्या डोळ्यांना फुलाच्या वाटेवरून मागे फिरवतात, असा त्याचा अर्थ लावतात.

इथे पुन्हा कोकण आठवते, आणि उगाच नाही. हापूसही वर्षाआड फळणारा. त्यावर दापोलीच्या कृषी विद्यापीठाने शिफारस केलेला उपाय म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल, बागायतदारांच्या तोंडी कल्टार. पावसाळ्यात बुंध्याभोवती खड्डे घेऊन ते ओततात. ते झाडात करते काय, तर जिबरेलिन तयार होऊ देत नाही. दोन अगदी वेगळ्या कुळांतली, वेगळ्या हवामानातली झाडे, आणि त्यांची नाडी एकाच संप्रेरकावर सापडावी, हे मला या सगळ्या अभ्यासातले फार मोठे आश्चर्य वाटते. ऑलिव्हवाले मात्र अजून बहुतांशी छाटणीवर, आणि फळ लवकर काढून झाड मोकळे करण्यावरच भिस्त ठेवतात.

मोहोर आला, फुले उमलली. पुढचे काम वाऱ्याचे. एका परागकोशात लाखभर परागकण असतात, प्रत्येक मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. मधमाश्या येतात, पायांना पराग फासून नेतात, पण त्यांच्यावाचून ऑलिव्हचे अडत नाही. स्पेनच्या हाएन प्रांतात सहा कोटींहून जास्त ऑलिव्ह आहेत. मेमध्ये ती जवळपास एकाच वेळी पराग सोडतात, तेव्हा गाड्यांच्या काचांवर पिवळी पूड बसते आणि ॲलर्जीच्या डॉक्टरांना उसंत नसते. शिंकणाऱ्यांचा हा त्रास शेतकऱ्यांच्या मात्र कामी आला. हवेतले कण मोजण्यासाठी जे. एम. हर्स्ट यांनी १९५२ मध्ये एक यंत्र मांडले. ते मिनिटाला १० लिटर हवा आत ओढते. आत एक पिंप घड्याळाच्या चालीने फिरत असते आणि त्याच्या चिकट पट्टीवर कण बसत जातात. पट्टी तासाला २ मिलिमीटर सरकते. आठवड्याने ती काढायची, दिवसाचा एकेक तुकडा करायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बसून ऑलिव्हचे परागकण मोजायचे. ही यंत्रे शहरांच्या गच्च्यांवर रुग्णांसाठी बसवली होती. पुढे ध्यानात आले की हंगामभरातल्या परागाची बेरीज आणि त्या शरदातले पीक यांचा मेळ बसतो. आता स्पेन, इटली, पोर्तुगाल, ट्युनिशिया इथे या मोजणीवरून फळ झाडावर दाण्याएवढे असतानाच पिकाचा अंदाज बांधतात. पुढे पाऊसपाणी बघून तो दुरुस्त करतात. तेलाच्या व्यापाऱ्यांना हा अंदाज किती मोलाचा असेल हे सांगायला नको.

वारा पराग कोसन् कोस नेतो, पण फळ धरायला उपयोगी पडतो तो बहुधा जवळचाच. म्हणून लागवडीचे सल्लागार सांगतात की परागासाठी लावलेले झाड तीसेक मीटरच्या आत हवे. परागासाठी वेगळे झाड कशाला, असा प्रश्न इथे पडावा. झाडावर नर फुले आहेत, संयुक्त फुले आहेत, पराग मूठमूठ आहे. मग अडले कुठे?

अडते इथे, की ऑलिव्ह आपलाच पराग ओळखते आणि नाकारते. स्वतःचा परागकण कुक्षीवर पडला तर तो रुजायची धडपड करतो, पण त्याची नलिका कुक्षीतच खुंटते. परका, चालणारा पराग पडला तर नलिका खाली उतरते, बीजांड गाठते. बरे, ऑलिव्हच्या बाबतीत ‘स्वतःचा’ हा शब्द फार लांब पसरतो. हजारो वर्षे माणूस हे झाड बियांपासून नव्हे, फांद्या रोवून आणि कलमे बांधून वाढवत आला. आवडलेल्या एका झाडाच्या फांद्या गावभर, प्रांतभर गेल्या. हाएनमधल्या पिक्वाल जातीच्या बागेत टेकडीमागून टेकडी उभी असलेली झाडे अनुवंशाच्या हिशेबाने एकच झाड आहेत. शेजारच्या झाडाचा पराग म्हणजे घरचाच. माणसाने एकजिनसी बाग केली. झाडाला मात्र परकाच हवा. ऑलिव्हच्या परागणाचा सगळा पेच या एका विसंगतीत आहे, आणि या पुस्तकातली दोन मोठी प्रकरणे तिच्यासाठीच राखून ठेवली आहेत.

शेतकऱ्यांना हे अनुभवाने माहीत होते. तोस्कानात फ्रांतोयो आणि लेच्चिनो या तेलाच्या जातींबरोबर अधूनमधून पेंदोलिनो लावायची रीत आहे. त्याचे मुख्य काम पराग पुरवणे. पण कुठल्या जातीला कुठली चालते, याचे तक्ते पुस्तकापुस्तकांत परस्परविरोधी. एकाने जी जोडी उत्तम म्हटली ती दुसऱ्याने निकामी ठरवली. फुलांवर कागदी पिशव्या बांधून केलेल्या प्रयोगांत पिशवीतली उष्णता, बाहेरून शिरलेला पराग, ते वर्ष फळण्याचे की आडचे, असा सगळा घोळ मिसळलेला असे.

हा गुंता सोडवणारी वाट एका भलत्याच झुडपातून निघाली. भूमध्य किनाऱ्यावर फिलिरिया अंगुस्तिफोलिया नावाचे ऑलिव्हच्या कुळातले झुडूप आहे. त्याची निम्मी झुडपे नर, निम्मी द्विलिंगी. सिद्धान्त सांगत होता की असे होऊच नये: द्विलिंगी झुडूप परागही देते आणि बीही, मग नुसत्या नराचा निभाव निम्म्याला निम्मे कसा लागावा? फ्रान्समध्ये लील इथल्या पियेर सोमितू-लाप्राद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये उत्तर दिले. द्विलिंगी झुडपांचे दोनच गट आहेत; एका गटाचा पराग फक्त दुसऱ्या गटावर चालतो. नराचा पराग मात्र दोन्ही गटांवर चालतो. म्हणजे द्विलिंगी झुडपाला निम्मी दारे बंद, नराला सगळी उघडी. हिशेब जुळला.

मग तीच कसोटी त्यांनी ऑलिव्हला लावली. दुसऱ्या जातीचा पराग कुक्षीवर ठेवायचा, काही तासांनी ती कापून रंगवायची आणि अतिनील प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. परागनलिका चकाकतात. खाली उतरलेल्या दिसल्या तर जोडी चालते. कुक्षीवरच थबकलेल्या दिसल्या तर नाही. ना पिशव्यांचा घोळ, ना हंगामभर वाट पाहणे. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आला: ऑलिव्हमध्येही गट दोनच. तपासलेली प्रत्येक जात एका गटात किंवा दुसऱ्या गटात बसली, आणि स्वतःच्या गटाशी तिचे जमले नाही. जगभरच्या हजाराहून अधिक जाती, स्पेनच्या, ग्रीसच्या, सीरियाच्या, मोरोक्कोच्या, आणि त्यांच्यात रेघ एकच! सपिंड विवाह टाळण्यासाठी माणसाने किती गोत्रे मानली, आणि या झाडाने दोनांवर भागवले.

यातून निघणारा धडा अगदी व्यवहाराचा आहे. बागेत दोन जाती लावल्या म्हणजे भागले, ही समजूत अर्धीच खरी. दोन्ही एकाच गटातल्या निघाल्या तर पाच लावूनही उपयोग नाही. जुन्या तक्त्यांतला विसंवादही बराचसा यामुळेच असावा. सगळेच संशोधक हे मान्य करतात असे नाही. गटांची रचना याहून गुंतागुंतीची आहे आणि काही जाती थोडाफार स्वतःचा पराग स्वीकारतात, असे म्हणणारी मंडळी आहेत. अर्बेकिना तर कित्येक रोपवाटिका ‘स्वफलनशील’ म्हणूनच विकतात. माझा कल पहिल्या बाजूला आहे, आणि त्याचे कारण बियांत आहे: स्पेनमध्ये अर्बेकिना आणि पिक्वालच्या बागांतल्या फळांचे बी काढून डीएनएवरून त्याचा बाप शोधला, तेव्हा तो जवळजवळ नेहमी दुसऱ्याच जातीचा निघाला. मग एकजिनसी बागा फळतात कशा? बांधावरची रानटी ऑलिव्ह झाडे, शेजारच्या गावातली जुनी चुकार जात, आणि वारा. शंभरातली एक-दोन फुले धरली तरी पुरते, हे इथे पुन्हा आठवावे. म्हणूनच बांध साफ करून रानटी ऑलिव्ह उपटणाऱ्या शेतकऱ्याची मला काळजी वाटते.

पराग पटला तरी घाई असते. कुक्षी काही दिवसच ग्रहणक्षम राहते. नलिकेला त्या मुदतीत बीजांडापर्यंत पोचावे लागते. मोहोराच्या दिवसांत पारा तिशीपलीकडे गेला आणि कोरडा वारा सुटला की कुक्षी सुकते, नलिका मंदावते. पाऊस लागला तर पराग धुऊन जातो. जमिनीत बोरॉन कमी असले तर नलिकेची वाढ रखडते. कॅलिफोर्नियात मोहोराआधी पानांवर बोरॉन फवारून फळधारणा वाढल्याचे दिसले आहे. आणि एक पतंग आहे, प्रेज ओली, त्याची वर्षातली एक पिढी पानावर, एक फुलावर, एक फळात वाढते. फुलावरची अळी कळ्यांना जाळ्याने बांधून परागकोश खाते. फलन न होता काही फळे तशीच राहून जातात. ती वाटाण्याएवढी, बिनबियांची, घोसाने लटकतात. कॅलिफोर्नियात मांझानियो जातीच्या बागांत उष्ण वसंतानंतर ही छर्ऱ्यांसारखी फळे दिसली की ओळखायचे, परका पराग पोचला नाही.

हे सगळे बारीकसारीक वाटत असेल तर २०२२ आठवावे. त्या वर्षी स्पेनमध्ये दुष्काळ होताच, त्यात मेमध्ये, ऐन मोहोरात, उष्णतेची लाट आली. आदल्या हंगामात सुमारे १५ लाख टन तेल देणाऱ्या देशाचे उत्पादन २०२२-२३ मध्ये ६.६५ लाख टनांवर आले. पुढच्या वर्षी, २७ एप्रिल २०२३ रोजी, कोर्दोबाला ३८.८ अंश तापमान नोंदले गेले. स्पेनच्या मुख्य भूमीवर एप्रिलमध्ये एवढे तापमान कधी नोंदले गेले नव्हते. भाव चढत गेले आणि तेलाच्या बाटल्यांना दुकानदार चोरीच्या भीतीने कुलपे लावू लागले. पुण्या-मुंबईतल्या बाटलीची किंमतही त्याच दिवसांत वाढली.

आपल्या देशात ऑलिव्ह लावायचे प्रयत्न झाले आहेत. हिमाचल आणि जम्मूच्या टेकड्यांवर कहू नावाचे रानटी ऑलिव्ह मुळातच आहे. त्यावर भूमध्य जातींची कलमे बांधून पाहिली गेली. राजस्थान सरकारने २००७ मध्ये इस्रायली तंत्र घेऊन लागवडीची कंपनी काढली, इस्रायलहून रोपे आणली, आणि २०१४ मध्ये बिकानेर जिल्ह्यात लुणकरणसरला तेल गाळायला सुरुवात झाली. वाळवंटात रात्री गार होतात, त्यामुळे हिवाळ्याचे जमते. काही ठिकाणी झाडे फळली, काही ठिकाणी नुसतीच वाढली. महाराष्ट्रात रोपवाटिकेतून कुंडीतले ऑलिव्ह मिळते, पाने रुपेरी, दिसायला देखणे. मुंबई-रत्नागिरीच्या हिवाळ्यात त्याला मोहोर यावा अशी आशा कुणी धरू नये. शोभेसाठी ठेवायचे तर जरूर ठेवावे.

पुस्तकाच्या रचनेविषयी दोन शब्द. प्रकरणे झाडाच्या कालक्रमाने लावली आहेत, म्हणजे पहिले प्रकरण उन्हाळ्यातल्या डोळ्याचे आणि शेवटचे कोय टणक होण्याचे. त्यामुळे फुलापर्यंत पोचायला वाचकाला बरीच पाने चालावी लागतील. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी थेट परागाच्या दोन प्रकरणांपासून सुरुवात केली तरी चालेल. तिथे लागणाऱ्या आधीच्या गोष्टी थोडक्यात पुन्हा सांगितल्या आहेत. जातींची नावे त्या त्या मुलखातल्या उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. फुलाच्या भागांसाठी शाळेच्या पुस्तकांतलेच शब्द वापरले आहेत, आणि तुऱ्याला सरसकट मोहोर म्हटले आहे. तेल गाळण्याची कृती या पुस्तकात नाही.